अँड्रॉइडच्या अलर्ट डायलॉगमधील अक्षरे मोठी कशी करावीत
अलर्ट डायलॉग म्हणजे अ‍ॅपमध्ये मध्येच उघडणारी सूचनेची छोटी चौकट. ती तयार करणाऱ्या 'बिल्डर' या कोडमध्ये अक्षरांचा आकार ठरवण्याची थेट सोय नाही. त्यामुळे डायलॉग आधी 'शो' करून पडद्यावर आणावा आणि मगच त्यातील 'मेसेज' या आयडीचा टेक्स्टव्ह्यू (मजकूर दाखवणारा घटक) शोधून त्याला 'सेटटेक्स्टसाइझ'द्वारे, समजा, १८ हा आकडा द्यावा. क्रम उलटा झाला, तर हाती 'नल' (म्हणजे काहीच नाही) येते आणि अ‍ॅप बंद पडते. नवशिक्याची अख्खी दुपार बहुधा यातच जाते. हा आकडा एसपी या अक्षरांसाठीच्या एककात धरला जात असल्याने फोनच्या सेटिंगमध्ये निवडलेला आकारही पाळला जातो. डीपी हे पडद्यावरील मापांचे एकक वापरल्यास तो डावलला जातो आणि चष्मा शोधणाऱ्या आजोबांना नेमके 'रद्द करा' वाचता येत नाही. अँड्रॉइड १४ पासून अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, म्हणून त्या मापावरही चाचणी घ्यावी. शीर्षकासाठी मात्र 'सेटकस्टमटायटल' वापरून स्वतःचा टेक्स्टव्ह्यू देणे सोपे.