वीसच्या कॉलममध्ये त्र्यंबकेश्वर का मावत नाही?

सातपूरच्या ऑफिसात माझं रोजचं काम म्हणजे द्राक्षबागायतदारांच्या याद्या एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेणं. इकडे एसक्यूएल सर्व्हर, तिकडे ओरॅकल हे डेटाबेस, मधे डेटा वाहून नेणारं साधन एसएसआयएस. आकड्यांचे कॉलम फारसे छळत नाहीत, छळतात ती नावं आणि गावं.

पहिलं काम: कंसातला आकडा नेमकं काय मोजतो ते बघा. एसक्यूएल सर्व्हरच्या एनव्हारचार(२०) (NVARCHAR) या मजकुराच्या कॉलममध्ये देवनागरीची २० चिन्हं बसतात. ओरॅकलच्या व्हारचार-टू(२०) (VARCHAR2) मध्ये, कुणी सेटिंग बदललं नसेल तर, २० बाइट. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. 'त्र्यंबकेश्वर' डोळ्यांना पाच अक्षरी दिसतं, आत १३ चिन्हं, म्हणजे ३९ बाइट. ओरॅकल ओआरए-१२८९९ ही 'मजकूर कॉलममध्ये मावत नाही' अशी चूक देऊन मोकळा होतो. निदान आले किती आणि जागा किती, हे तरी सांगतो.

यावर कुणी आकडा तिप्पट करतं, कुणी आकड्यापुढे बाइटऐवजी कॅरॅक्टर हे एकक लिहितं. मी मात्र गावाचा कॉलम सरळ एनव्हारचार-टू (NVARCHAR2) ठेवते. त्यात मोजणी नेहमी चिन्हांचीच असते. शेरे-बिरे लांबलचक असतील तर मात्र एनक्लॉब (NCLOB), म्हणजे मोठ्या मजकुराचा कॉलम.

दुसरं भांडण एसएसआयएसचं. 'युनिकोड आणि नॉन-युनिकोडमध्ये रूपांतर होत नाही' अशी लाल फुली दिसली की लोक डेटा कन्व्हर्जन ही प्रकार बदलणारी पायरी टाकून १२५२ कोडपेजवाला (पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच) डीटी-एसटीआर (DT_STR) हा नॉन-युनिकोड प्रकार निवडतात. फुली जाते, पण १२५२ मध्ये देवनागरी नाहीच, त्यामुळे पॅकेज, म्हणजे एसएसआयएसमध्ये रचलेलं काम, चालवताना पडतं. मग कुणीतरी शहाणा 'इग्नोर फेल्युअर' लावतो आणि गावाचा रकाना नल (NULL), म्हणजे मूल्यच नसलेला, होऊन पोचतो. पॅकेज मात्र हिरवंगार! हे कधीही करू नका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत डीटी-डब्ल्यूएसटीआर (DT_WSTR) हा युनिकोड प्रकारच ठेवा.

लांबी अंदाजाने ठरवू नका, डेटाच मोजा. एसक्यूएल सर्व्हरचं लेन (LEN) हे फंक्शन शेवटच्या मोकळ्या जागा धरत नाही, म्हणून बाइट मोजणारं डेटालेंग्थ (DATALENGTH) वापरा आणि एनव्हारचार असेल तर दोनाने भागा.

या मोकळ्या जागा मुळात येतात ठराविक लांबीच्या, म्हणजे CHAR किंवा NCHAR प्रकारच्या कॉलममधून. गट नंबर NCHAR(१०) मध्ये असेल तर '१२५/२अ' मागे चार स्पेस घेऊन येतो, आणि एसएसआयएसच्या फुल कॅश लुकअपला (याद्या मेमरीत घेऊन जुळवणाऱ्या पायरीला) तो वेगळाच गट वाटतो. सोर्सच्या क्वेरीतच आरट्रिम (RTRIM) करून मागच्या स्पेस काढा. रिकामी स्ट्रिंगही तिथेच बघून घ्या: ओरॅकल तिला नल समजतो, त्यामुळे नॉट नल कॉलम असेल तर ओळ नाकारली जाते.

एवढं करूनही 'कुऱ्हाडे' जुळत नसतील, तर टाइप नव्हे, टायपिंग तपासा. कुणाच्या कीबोर्डवरून 'ऱ' आणि हलन्त आलेले असतात, कुणाच्या 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर). दिसायला दोन्ही सारखेच. रिप्लेसमध्ये त्या जोडकासाठी एनचार(८२०५) हे फंक्शन वापरा आणि बायनरी कोलेशन (चिन्हांच्या कोडनुसार तुलना) लावा, नाहीतर तुलनेत तो जोडक जमेसच धरला जात नाही असं होऊ शकतं.