तारा निघाल्या, आता रिटेनर: ब्रेसेसच्या काळात आणि नंतर या चुका टाळा

मुलाच्या दातांना तारा लावायचं ठरलं की घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात: खर्च किती येईल आणि किती महिने लागतील. तारा काढल्यानंतर काय करायचं, हा तिसरा प्रश्न निघतो तो थेट तारा काढण्याच्या दिवशी. त्या वेळी मूल आरशात पाहून हसत असतं, आई-बाबा फोटो काढत असतात, आणि डॉक्टर रिटेनरबद्दल, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाबद्दल, जे सांगतात ते अर्धंच कानात शिरतं. सगळ्यात महाग पडणारी चूक तिथून सुरू होते. म्हणून या लेखात रिटेनरला जास्त जागा दिली आहे. पण आधी तारांचा काळ.

“जरा जास्त घट्ट करा, लवकर संपेल”

दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेचा दाब आला की दाबाच्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं, आणि दात जिथून सरकला त्या बाजूला नवं हाड भरतं. हे काम साधारण महिन्याला एक मिलिमीटरच्या गतीने होतं, म्हणून दीड-दोन वर्षं लागतात. जोर वाढवून ही गती वाढत नाही. उलट जास्त जोराने दाताचं मूळ झिजण्याची भीती असते. त्यामुळे ‘मला काहीच दुखत नाही, म्हणजे काम होत नाही’ हा समजही सोडून द्या.

तार बदलल्यावर काही तासांनी दात ठणकायला लागतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतात आणि आठवड्याभरात शांत होतात. तेवढे दिवस मऊ भात-वरण, खिचडी, उपमा, दहीभात. फारच दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने दिवसेंदिवस घेऊ नयेत. दात सरकण्यासाठी शरीरात जी रसायनं लागतात त्यांनाच त्या आवर घालतात. गालाला तार घासून फोड आला असेल तर ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) आधी कापसाने कोरडं करा आणि मग तारांसाठीच्या मेणाची छोटी गोळी त्यावर दाबा. ओल्या ब्रॅकेटवर मेण टिकत नाही, आणि बरेच जण ‘मेणाचा उपयोग होत नाही’ म्हणतात त्याचं कारण एवढंच असतं.

खाण्यातल्या चुका

दवाखान्यातून मिळालेल्या छापील यादीत बऱ्याचदा पॉपकॉर्न, कॅरॅमल आणि बर्फ असतो. आपल्याकडे ब्रॅकेट तुटतात ते वेगळ्याच गोष्टींनी. संक्रांतीचा कडक तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, दिवाळीतली चकली आणि कडबोळी, फुटाणे, ऊस, सुपारी, कच्चा पेरू. यातल्या कितीतरी गोष्टी रीत बदलली की चालतात. पेरू आणि सफरचंद पातळ कापून मागच्या दातांनी खा. मक्याचं कणीस तोंडात न धरता दाणे सोडवून घ्या. कडक भाकरी आमटीत कुस्करा. समोरच्या दातांनी तोडायचं नाही, हा एकच नियम मुलाला समजला तरी निम्मी तुटफूट थांबते. उकडीचे मोदक, पुरणपोळी, श्रीखंड यांनी ब्रॅकेट तुटत नाही, पण गोड आहे, म्हणून खाल्ल्यावर तोंड धुवायलाच हवं.

आणि हळद. तार ब्रॅकेटला बांधणारी छोटी रबरं पारदर्शक किंवा पांढरी निवडली तर वरण-भाजी खाऊन ती दोन-चार दिवसांत पिवळी पडतात. घासून रंग जात नाही. राखाडी, चंदेरी किंवा गडद रंग मागून घ्या. दाताच्या रंगाची सिरॅमिक ब्रॅकेट घेणाऱ्या मोठ्या माणसांनी तर हे आधीच विचारायला हवं, कारण जास्तीचे पैसे तारा दिसू नयेत म्हणूनच मोजलेले असतात.

पांढरे डाग

तारांच्या काळातली कुठली चूक मला सर्वांत जास्त टोचत असेल तर ती ही. दोन वर्षं सांभाळून दात सरळ होतात, तारा निघतात, आणि प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या जागी चौकोन उमटलेला असतो: मधलं इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) नितळ, भोवती खडूसारखी पांढरी कड. हे डाग ब्रॅकेटमुळे पडत नाहीत. ब्रॅकेटच्या कडेला साचलेल्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल इनॅमलमधली खनिजं ओढून घेतं. सुरुवात व्हायला महिनाभरही पुरतो. पुढे काही डाग फिके होतात, काही कायमचे राहतात.

इथली मुख्य चूक म्हणजे पूर्वीसारखाच ब्रश करणं. ब्रॅकेट बसल्यावर प्रत्येक दाताचे दोन भाग झालेले असतात: ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली पट्टी, आणि ब्रॅकेटपासून दाताच्या कडेपर्यंतची पट्टी. ब्रश आधी वरून तिरका, मग खालून तिरका धरावा लागतो. तारेखालून जायला बाटलीच्या ब्रशसारखा छोटा इंटरडेंटल ब्रश मिळतो. तो रात्री तरी फिरवाच. हिरडीजवळची पट्टी सगळ्यात जास्त सुटते, कारण तिथे ब्रश लागला की रक्त येतं आणि मूल तो भाग टाळायला लागतं. रक्त येतं कारण तिथे थर साचलाय. नीट साफ केलं की आठ-दहा दिवसांत बहुधा थांबतं.

पेस्ट फ्लोराइडचीच असू द्या. भारतात मोठ्यांच्या फ्लोराइड पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असतं. अनेक हर्बल पेस्टमध्ये ते अजिबात नसतं, म्हणून वेष्टन वाचून घ्या. घरात बाकीचे काय वापरतात तो त्यांचा प्रश्न, पण तारा लावलेल्या मुलाला मंजन किंवा फ्लोराइड नसलेली पेस्ट देऊ नका. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा आणि लगेच खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहतं.

ब्रॅकेट सुटलं, तार टोचतेय

सुटलेलं ब्रॅकेट तारेवर लटकत असेल तर ओढून काढू नका. मेण लावा, दवाखान्यात फोन करा. ‘पुढच्या तारखेला दाखवू’ म्हणून तीन-चार आठवडे काढले तर तो दात तेवढे दिवस जागेवर थांबतो किंवा उलटा फिरतो, आणि उपचार तेवढा लांबतो. मागच्या दाढेजवळ तारेचं टोक टोचत असेल तर पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ खोडरबराने ते हलकेच आत वळवा किंवा मेणाने झाका. घरातली पक्कड तोंडात घालू नका.

वरच्या-खालच्या दातांना जोडणारी रबरं दिली असतील तर ती सांगितलेले तास लावा. दिवसभर विसरून रात्री दोन-दोन लावल्याने भरपाई होत नाही. दातावर नको तेवढा जोर येतो, एवढंच. आणि पुढच्या दातांतली फट बुजवायला घरीच साधा रबर बँड दाताभोवती गुंडाळणं, हे मोबाइलवरच्या व्हिडिओत कितीही सोपं दिसू दे, कधीही करू नका. तो रबर मुळाच्या निमुळत्या बाजूने हिरडीत वर सरकतो, दिसेनासा होतो आणि भोवतालचं हाड खातो. अशाने धडधाकट दात गमावलेले आहेत.

आणखी एक चूक खास आपल्याकडची: नववी-दहावीत तारा लावायच्या आणि अकरावीला मूल लातूर, पुणे किंवा कोट्याला पाठवायचं. चार-सहा आठवड्यांनी दाखवायला घरी येणं मग जमत नाही, आणि तारा कुणाच्याही देखरेखीविना तोंडात राहतात. शक्य असेल तर ठिकाण ठरल्यावरच उपचार सुरू करा. मध्येच जावं लागलं तर मूळ डॉक्टरांकडून एक्स-रे, सुरुवातीचे साचे किंवा स्कॅन, फोटो आणि पुढचा आराखडा लिहून घ्या. नव्या डॉक्टरला त्याशिवाय अंधारात चाचपडावं लागतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत हा उपचार खाजगीपेक्षा बराच स्वस्त पडतो, मात्र तिथे तुमची केस हाताळणारे पदव्युत्तर विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडतात. आपली केस पुढे कुणाकडे जाणार, हे आधीच विचारून ठेवावं.

रिटेनर: उपचाराचा दुसरा भाग

तारा काढल्या त्या दिवशी दात नव्या जागी दिसतात, पण पक्के झालेले नसतात. मुळाभोवतालचे तंतू नव्या जागी जुळायला तीन-चार महिने घेतात. हिरडीतले लवचीक तंतू तर वर्षभर ताणलेले राहतात आणि दाताला, विशेषतः फिरवून सरळ केलेल्या दाताला, मागे ओढत राहतात. म्हणून पहिलं वर्ष सगळ्यात नाजूक.

आणि त्यानंतर? सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाढांपुढचे दात काढून उपचार केलेल्या ६५ जणांना रिटेनर बंद केल्यावर किमान दहा वर्षांनी पुन्हा तपासलं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात पुन्हा असमाधानकारक म्हणावेत इतके वाकडे झालेले होते. यात उपचाराचा दोष थोडा आणि वयाचा मोठा. ज्यांनी कधी तारा लावल्याच नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात तिशी-चाळिशीत दाटीवाटीने उभे राहायला लागतात. जबडा आयुष्यभर बदलत असतो. अक्कलदाढ ढकलते म्हणून असं होतं, हा समज खूप पक्का आहे, पण संशोधनात त्याला आधार मिळालेला नाही. केवळ दात वाकडे होऊ नयेत म्हणून अक्कलदाढ काढायला धावू नका.

तेव्हा ‘रिटेनर किती वर्षं लावायचा’ याचं माझं उत्तर सरळ आहे: दात सरळ हवेत तोवर, रात्री. सुरुवातीला काही डॉक्टर काही महिने दिवसरात्र लावायला सांगतात, काही पहिल्यापासून फक्त रात्री. यात तुमच्या डॉक्टरांचं ऐका, कारण कुठला दात किती सरकवला हे त्यांना माहीत असतं.

रिटेनर हरवण्याची जागा जवळजवळ ठरलेली: हॉटेलचं टेबल. जेवताना काढला, टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, वेटरने ताटासकट उचलला. लग्नाच्या पंगतीतही हेच. रिटेनर एक तर तोंडात असावा, नाही तर डबीत; खिशात, रुमालात किंवा उशीखाली नाही. डबी भडक रंगाची घ्या. घरात कुत्रं असेल तर डबी उंचावर ठेवा. लाळेचा वास त्यांना ओढतो.

दुसरी चूक गरम पाण्याची. ‘जंतू मरावेत’ म्हणून आजी किंवा आई प्रेमाने रिटेनर उकळत्या पाण्यात टाकते, आणि पारदर्शक प्लॅस्टिक क्षणात वाकडं होतं. दिसायला फरक कळत नाही, पण तो दातांवर बसत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही तेच होतं. साध्या गार पाण्याखाली, मऊ ब्रशने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाच्या थेंबाने धुवा. टूथपेस्टने पारदर्शक रिटेनरवर ओरखडे पडतात आणि त्यात वास धरतो. पांढरा खडबडीत थर जमला तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास बुडवा, मग खळखळून धुवा. रिटेनर तोंडात ठेवून चहा-कॉफी किंवा सरबत पिऊ नका: एक तर तो वाकतो, नाही तर रंगतो, आणि गोड पेय दातांवर कोंडून राहतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: परीक्षा होत्या, गावी गेलो होतो, महिनाभर लावला नाही, आता घट्ट लागतोय, काय करू? घट्ट लागणं म्हणजे दात थोडे हलले आहेत. रिटेनर पूर्ण खाली बसत असेल तर काही दिवस जेवण सोडून सतत लावा. घट्टपणा कमी होत जाईल. पूर्ण बसत नसेल, प्लॅस्टिक आणि दातात फट राहत असेल, तर चावून-चावून जबरदस्तीने बसवू नका. त्या दिवशीच दवाखान्यात फोन करा. आज थोडक्यात सुटणारी गोष्ट तीन महिन्यांनी पुन्हा तारांपर्यंत जाते.

दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार, म्हणजे फिक्स्ड रिटेनर, असेल तर विसरण्याचा प्रश्न नाही, पण धोका वेगळा. एका दाताचा चिकटवलेला भाग सुटला तरी तार तशीच जागेवर दिसते, दुखत नाही, आणि तो एकच दात गुपचूप फिरायला लागतो. महिन्यातून एकदा आरसा घेऊन पाहा, प्रत्येक दातामागे नखाने हलकेच दाबून पाहा. तार हलली की दाखवा. खालच्या दातांमागे या तारेभोवती दगडासारखा थर फार लवकर साचतो, म्हणून दात साफ करून घेणं टाळू नका. तारेखालून नेता येणारा जाड, कडक टोकाचा फ्लॉस (दातांमधल्या फटी साफ करायचा दोरा) मिळतो, त्याची सवय लावा.

रिटेनर बनवून घेताना डॉक्टरांकडून दातांचा साचा किंवा स्कॅनची फाइल मागून घ्या आणि नीट ठेवा. पारदर्शक रिटेनर रोजच्या वापराने काही वर्षांत झिजतो, तडकतो. साचा हाताशी असेल आणि दात हलले नसतील तर नवा रिटेनर लवकर बनतो. हरवल्याचं घरी सांगायला मूल घाबरत असेल तर ते लपवण्यातच आठवडे जातात. रागावणं नंतर करा, आधी डॉक्टरांकडे न्या. दात आधीच बरेच हलले असतील, अगदी दहा-पंधरा वर्षं झाली असतील, तरी लाज वाटून घेऊ नका. अशा वेळी बहुधा सगळा उपचार पुन्हा करावा लागत नाही; फक्त पुढचे काही दात सरकवायचे असतील तर अलायनर (दात सरकवणारे, काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) किंवा थोड्या दिवसांच्या तारा पुरतात. त्यानंतर मात्र रिटेनर मिळाल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.