मूल उशिरा बोलतंय? घरात होणाऱ्या या चुका टाळा

दीड-दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की सोलापुरातल्या घरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. आजी म्हणते, "ह्याचा बाप बी तीन वर्षांनी बोलला, बोलंल की." आणि आई दिवसभर पोराच्या मागे असते, "म्हण ना रे, आई म्हण, पाणी म्हण." दोन्ही मायेपोटीच, पण घोळ इथेच होतो. तपासणीला अजिबात थांबायचं नसतं, तिथे आपण वर्ष घालवतो. मुलाच्या उत्तरासाठी दहा सेकंद थांबायचं असतं, तिथे मात्र धीर निघत नाही.

"बोलेल की" म्हणून वाट बघणं

९-१० महिन्यांपर्यंत मुलाने "बाबाबा, दादादा" करायला हवं आणि नावाने हाक मारली की वळायला हवं. वर्षाच्या आसपास हाताने टाटा करणं, बोट दाखवणं यायला हवं. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नसेल, किंवा दोन वर्षं झाली तरी "पाणी दे", "बाबा गेले" असे दोन शब्द जोडत नसेल, तर तपासणी करून घ्या. येत असलेले शब्द बंद झाले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलगे मुलींपेक्षा उशिरा बोलतात हे खरं, पण तो फरक महिन्या-दोन महिन्यांचा असतो, वर्षाचा नाही. बरीच मुलं पुढे आपली आपण बोलू लागतात. पण आपलं मूल त्यांतलं आहे का, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

शब्द मोजण्याच्या नादात बोट दाखवण्याकडे दुर्लक्ष होतं. कावळा दिसला की बोट करून आईच्या तोंडाकडे बघणारं, हातवारे न करता "चप्पल आण" म्हटलं तर आणणारं मूल अर्धी वाट चाललेलं असतं. उलट एबीसीडी आणि शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणणारं, पण हाक मारली तर न वळणारं, हवी ती वस्तू दाखवण्याऐवजी मोठ्यांचा हात धरून तिकडे ओढणारं मूल असेल, तर एकही महिना घालवू नका. त्या आकड्यांवर समाधान मानू नका, ते बोलणं नव्हे.

ताट वाजवून कान तपासणं

आम्हाला सगळ्यात घातक वाटते ती ही चूक. मागून ताट वाजवलं, पोरगं दचकलं, म्हणजे कान चांगले, असं धरून घर निवांत होतं. पण ताटाचा आवाज मोठा असतो, शिवाय सावली हलते, फरशीला हादरा बसतो. कमी ऐकू येणाऱ्या बऱ्याच मुलांना "आ", "ओ", "म" असे भारी आवाज ऐकू येतात आणि "स, श, फ, क" असे बारीक आवाज निसटतात. अशा मुलाला "सायकल" नुसतं "आयअल" असं ऐकू येतं. जसं ऐकू येतं तसंच ते बोलणार.

म्हणून बोलण्याच्या कुठल्याही उपायाआधी कानांची तपासणी. जन्मल्यावर झाली असली तरी पुन्हा, कारण ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं. ओएई या कानाच्या पहिल्या तपासणीत कानात छोटं बूच घालतात, मूल शांत असेल तर काही मिनिटांत होते. बेरा म्हणजे डोक्याला तारा चिकटवून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी. तिच्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं, आणि बऱ्याच फेऱ्या इथेच वाया जातात. आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, सकाळी केस धुवा. तेलकट कातडीवर तारा नीट चिकटत नाहीत. त्या दिवशी पहाटे उठवा आणि एसटीत किंवा रिक्षात झोपू देऊ नका. झोपेचं औषध द्यायचंच असेल तर ते दवाखान्यातच, त्यांच्या देखरेखीत. पोट किती वेळ रिकामं हवं ते आधी विचारून घ्या. सर्दी असेल तर सांगा. सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं, ऐकणं कमी-जास्त होतं आणि घरच्यांना वाटतं पोरगं हट्टी आहे. ते पाणी टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे कानाच्या पडद्याच्या तपासणीत कळतं.

पैशांसाठी अडू नका. अंगणवाडीतल्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासतं. ही योजना २०१३ पासून आहे आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथकाची वाट न बघता अंगणवाडीताईंना आजच सांगून ठेवा, किंवा सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात नंबर लावा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी (कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) केंद्राच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेत वय ५ वर्षांपर्यंतच असण्याची अट आहे, म्हणजे उशीर इथेही नडतो.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरातच माग आहेत त्यांच्यासाठी थोडं वेगळं. मागाच्या खडखडाटात मोठी माणसं अंदाजाने शब्द ओळखतात, कारण तो शब्द त्यांना आधीपासून माहीत असतो. मुलाला नसतो. तिथे ओरडून बोलण्यात अर्थ नाही. हातभर अंतरावर, त्याच्या डोळ्यांसमोर बसून बोला. लाइट गेली, माग थांबले, की ती शांतता मुलासाठी वापरा.

"हे काय? म्हण बघू" अशी परीक्षा घेणं

सतत प्रश्न विचारले की मूल गप्प होतं किंवा उठून जातं. प्रश्नाऐवजी समोर जे घडतंय ते सांगा, तेही तुटक: "पडलं." "गार आहे." "माऊ आली." मूल एकही शब्द बोलत नसेल तर तुम्ही एकेकच शब्द बोला; एक शब्द बोलत असेल तर दोन. ते "पाणी" म्हणालं तर "पाणी सांडलं". रंग, फळं, प्राणी यांचे तक्ते नंतर. आधी रोज पन्नासदा लागणारे शब्द हवेत: दे, नको, ये, उघड, संपलं, अजून, गेलं. भूभू, भुर्र, मम्मम हेही शब्दच धरा.

आता त्या दहा सेकंदांचं. शेंगांचा डबा घ्या, झाकण घट्ट लावा (मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात, बिस्किटाचे तुकडे ठेवा). एक तुकडा द्या. संपला की दुसरा लगेच देऊ नका. डबा हातात धरा, खाली बसून त्याच्याकडे बघा आणि मनात दहा मोजा. तोंडाने काही बोलू नका. ते हात पुढे करेल, "अं" करेल, नाहीतर डबा तुमच्याकडे ढकलेल. तेच त्याचं बोलणं. लगेच "उघड" म्हणा, उघडा, द्या. शब्द निघेपर्यंत अडवून धरणं ही उलट चूक. मूल रडतं आणि डब्याचाच राग करू लागतं. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटं, एवढं पुरे. विड्या वळतानाही जमतं: पानांचा गठ्ठा पुढे करायला त्याला लावा आणि दर वेळी "दे", "घे" म्हणा.

भाषा बंद करणं

"घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आजोळी कन्नड, पोरगं गोंधळतं" असं सांगून एक भाषा बंद करायला लावतात. अनेक भाषांमुळे बोलणं अडत नाही. उलट आई जी भाषा मनापासून बोलते तीच तुटली की घरातलं बोलणंच आटतं. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा. तेलुगूतलं "नीळ्ळु" आणि मराठीतलं "पाणी" हे दोन शब्द. कन्नड आजीकडे राहणारं मूल "बा, बा" करत असेल तर ते बडबडत नसेल, "ये" म्हणत असेल.

मोबाइल, वेखंड आणि जिभेखालचा पडदा

दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्ही नकोच, त्यानंतर दिवसाला तासाच्या आत. सुरुवात जेवणाच्या वेळेपासून करा. पहिले काही दिवस रडारड होईल, चार घास कमी जातील, ते चालतं. पण मोबाइल बंद केला म्हणजे उपचार झाले असं समजून तपासणी टाळू नका.

जिभेवर वेखंड घासू नका, त्याने उलट्या होऊ शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको. जीभ खाली चिकटलेली असेल तर काही उच्चार बोबडे होतील, पण त्यामुळे शब्दच येत नाहीत असं होत नाही. तेव्हा जिभेखालचा पडदा कापण्याआधी स्पीच थेरपिस्टचं मत घ्या.

थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. थेरपीचा आठवड्यातला अर्धा तास खरं तर तुम्हाला शिकवण्यासाठी असतो, म्हणून खोलीबाहेर बसून राहू नका. नव्या जागी मूल तोंड उघडत नाही, तेव्हा घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. आणि एका वहीत पंधरा दिवस लिहा: कोणता शब्द, कोणत्या भाषेत, कधी म्हणाला, स्वतःहून की ऐकून.