पत्रिकेवर जोडप्याची नावे कशी घालावीत

लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, पहिली नाशिकच्या आनंदवल्लीतल्या नवश्या गणपतीपुढे ठेवून झाली, कुणी सप्तशृंगगडावर जाऊन देवीलाही देऊन आले. मग पाकिटांवर नावे घालायला बसले की घरोघरी तोच प्रश्न निघतो: आधी नाव कुणाचे? पाहुणा आतला मजकूर नंतर वाचतो, पाकिटावरचे आपले नाव आधी. म्हणून हे काम शेवटच्या रात्रीवर टाकू नका.

१. यादी करतानाच प्रत्येक घरातल्या दोघांची नावे विचारून घ्या. वहीत ‘रमेशमामा-मामी’ एवढेच असते आणि मामींचे नाव पटकन कुणालाच सांगता येत नाही. फोन करा. ‘श्री. व सौ. रमेश पाटील’ असे लिहिले की त्यात मामी कुठेच नसतात. ‘श्री. रमेश व सौ. मंगल पाटील’ लिहावे.

२. क्रम नात्यावरून ठरवा. वडीलधाऱ्यांना नवऱ्याचे नाव आधी असण्याची सवय आहे, तिथे तसेच ठेवा. पण आत्या आपल्या घरची लेक, मैत्रीण आपल्या ओळखीची, तिथे ‘सौ. सुनंदा व श्री. अशोक’ हाच क्रम शोभतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत राज्याने आईचे नाव वडिलांच्या आधी घेतले आहे. पाकिटावर बाईचे नाव पुढे आले म्हणून बिचकायचे कारण नाही.

३. आडनावे वेगळी असतील तर दोन्ही पूर्ण लिहा, मध्ये ‘व’. लग्नानंतर तिने आडनाव बदलले असेल असे गृहीत धरू नका.

४. ‘डॉ.’ लावले की त्याच नावाला श्री. किंवा सौ. नको. बायको डॉक्टर असेल तर ‘डॉ. स्मिता व श्री. नितीन’. देवळालीच्या लष्करी घरांत हुद्दा नावाआधी येतो.

५. नवरा गेलेल्या बाईच्या पाकिटावर ‘श्रीमती’ आणि तिचे स्वतःचे नाव. ‘गं. भा.’ लिहू नका, तिच्या दुःखाची खूण पाकिटावर कशाला? तिच्या पाकिटावर ‘कै.’ लावून नवऱ्याचे नावही नको. ‘कै.’ पत्रिकेच्या आत, वधू किंवा वराच्या दिवंगत वडिलांच्या नावाआधी येते. सगळ्यात जास्त चूक निमंत्रकांच्या यादीत होते. वडील नसलेल्या मुलीच्या पत्रिकेत काका-मामांची नावे वर चढतात आणि जिने मुलीला वाढवले ती आई खाली कुठेतरी जाते, कधी गाळलीच जाते. पहिले नाव तिचेच घाला. घरात कुणी कुरकुर केली तरी घाला. लग्न तिच्या लेकीचे आहे.

६. वधूवरांच्या नावांत ज्या घरची पत्रिका, त्यांच्या मुलाचे किंवा मुलीचे नाव आधी घेतात. दोन्ही घरांची एकच पत्रिका असेल तर क्रम व्याह्यांशी बोलून ठरवा.

७. छपाईआधी प्रूफ दोघांनी वाचा, एक मोठ्याने आणि एक यादी हातात धरून. ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ची अदलाबदल तिथेच सापडते. पोस्टाने जाणाऱ्या पाकिटांचे पिनकोडही त्याच बैठकीत तपासा: पंचवटी ४२२००३, नाशिकरोड ४२२१०१.