शैक्षणिक ग्रंथालयासाठी सोशल वेबची साधने कशी निवडावीत आणि कशी वापरावीत

ग्रंथालयाचे फेसबुक पान सुरू होते, काही दिवस नव्या पुस्तकांची मुखपृष्ठे झळकतात आणि पुढे ते पान तसेच पडून राहते. अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत हेच दिसते, कारण साधन आधी ठरते आणि त्याने करायचे काम मागाहून शोधले जाते. सोशल वेबचा, म्हणजे वाचकही भर घालू शकतील अशा ऑनलाइन साधनांचा, मोठा फायदा प्रसिद्धीत आहे असे मला वाटत नाही. वाचकांकडे जे ज्ञान आहे ते ग्रंथालयाकडे परत येऊ शकते, हे त्याचे खरे देणे आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये सुमारे ३,००० जुनी छायाचित्रे फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली. लोकांनी त्यांतली माणसे, जागा, प्रसंग ओळखून कळवले आणि ग्रंथालयाने पडताळणी करून ती माहिती आपल्या नोंदींमध्ये घेतली. साधन निवडताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा.

१. आधी प्रश्न टिपून ठेवा

देवघेव आणि संदर्भ विभागात येणारे प्रश्न महिनाभर एका वहीत लिहा. कोणी विचारले ते लिहू नका, फक्त प्रश्न लिहा. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, माझ्या विषयात नवे काय आले, संदर्भसूची कशी करायची, या विषयावर आधी कोणी काम केले आहे का, असे त्यांचे गट आपोआप पडतील. वेळ आणि सूचनांसाठी संकेतस्थळ आणि एक व्हॉट्सॲप चॅनेल पुरेसे आहे. ग्रुप करू नका, कारण ग्रुपमध्ये विद्यार्थ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, तर चॅनेलवर ते एकमेकांना दिसत नाहीत.

२. ‘नवे काय आले’ यासाठी आरएसएस

आरएसएस म्हणजे संकेतस्थळावरील नव्या मजकुराची आपोआप अद्ययावत होणारी यादी, म्हणजेच फीड, देणारे तंत्र. ते १९९९ पासून आहे आणि आजही बहुतेक संशोधन नियतकालिके नव्या अंकाचा फीड देतात. फीडली किंवा इनोरीडर या फीड वाचण्याच्या सेवांपैकी एकीवर ग्रंथालयाचे खाते उघडा आणि विभागवार फीड जमवा. वैद्यकशास्त्राच्या वाचकांसाठी पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत शोध घेऊन त्याच शोधाचा फीड तयार करता येतो. तुमची तालिका, म्हणजे संग्रहाची सूची, कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरवर असेल, तर तिथल्या शोधनिकालाचाही फीड मिळतो. प्रत्येक विभागाची यादी ओपीएमएल (फीडच्या याद्या साठवण्याचे स्वरूप) फाइल म्हणून उतरवून घ्या आणि प्राध्यापकांना द्या. ही फाइल जपून ठेवा. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर ही फीड वाचण्याची सेवा बंद झाली, तेव्हा ज्यांनी यादी उतरवून ठेवली होती त्यांना ती दुसरीकडे नेता आली.

३. विभागाची सामायिक संदर्भसूची

वेळ थोडा असेल, तर बाकी सारे सोडून एवढे तरी करा. झोटेरो हे संदर्भनोंदी जमवण्याचे मोफत, मुक्तस्रोत साधन २००६ पासून उपलब्ध आहे. ग्रंथालयाच्या ईमेलवरून खाते काढा, संकेतस्थळावर नवा ग्रुप तयार करा. तिथे तीन प्रकार दिसतील: कोणीही सामील होऊ शकेल असा खुला, सर्वांना दिसणारा पण परवानगीनेच सामील होता येणारा आणि पूर्ण खासगी. विभागासाठी मधला प्रकार घ्या.

ग्रुप रिकामा ठेवून कोणालाही बोलावू नका. आधी तुम्ही स्वतः तीस-चाळीस चांगल्या नोंदी घाला, अभ्यासक्रमातील पेपरनुसार फोल्डर करा, दहा-बारा टॅग ठरवून त्यांची यादी ग्रुपच्या माहितीत लिहा. मग संशोधक विद्यार्थ्यांना बोलवा आणि त्यांच्याकडे एकच गोष्ट मागा: वाचलेल्या लेखाची नोंद आणि तो कशासाठी उपयोगी पडला यावर दोन ओळींची टीप. पुढच्या वर्षी त्याच विषयावर काम करणाऱ्याला त्या दोन ओळी सारांशापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण त्या गरजेतून लिहिलेल्या असतात.

झोटेरोचा ब्राउझरमधील कनेक्टर वेबपानावरून नोंद आपोआप उचलतो, पण ती तपासावीच लागते. मराठी नावांत आडनाव आणि नाव यांची अदलाबदल होते. एकच लेखक एका नोंदीत देवनागरीत, दुसऱ्या नोंदीत रोमन लिपीत येतो. नियतकालिकाचे नाव कुठे पूर्ण, कुठे संक्षिप्त असते. आठवड्यातून एकदा बसून हे नीट करा. तालिकीकरणाचे आपले शिक्षण इथे थेट कामी येते आणि ग्रुप विश्वासार्ह राहतो तो याच कामामुळे.

लेखांच्या पीडीएफ ग्रुपमध्ये ठेवू नका, डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) किंवा दुवा द्या. स्वामित्वहक्काचा प्रश्न आहेच, शिवाय मोफत जागा ३०० एमबीच असते आणि ग्रुपमधील फाइल्स मालकाच्या खात्यात मोजल्या जातात.

४. तालिकेत वाचकांचे शब्द येऊ द्या

कोहामध्ये टॅग, अभिप्राय आणि सार्वजनिक याद्या या सोयी आहेत, बऱ्याच ठिकाणी त्या नुसत्या बंद असतात. मान्यता दिल्यावरच टॅग दिसेल अशी व्यवस्था ठेवून त्या सुरू करा. विद्यार्थी ‘हार्ट अटॅक’ शोधतो, विषयशीर्षक ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ असते, आणि पुस्तक कपाटात असूनही तो रिकाम्या हाताने जातो. असा टॅग पुन्हा पुन्हा येऊ लागला की प्रमाणित शीर्षकांच्या नोंदीत तो ‘पाहा’ म्हणून जोडा, म्हणजे तो शब्द शोधणारा मूळ शीर्षकापर्यंत पोहोचेल. मूळ शीर्षकाला हात लावू नका.

५. विकिपीडियासाठी थोडा वेळ

‘एक ग्रंथपाल, एक संदर्भ’ ही मोहीम २०१६ पासून चालते. संदर्भ नसलेले एखादे विधान निवडायचे आणि आपल्या संग्रहातील विश्वसनीय ग्रंथाचा संदर्भ तिथे जोडायचा. मराठी लेखांना याची फार गरज आहे, कारण पुष्कळ मराठी संदर्भग्रंथ अजूनही फक्त कपाटात मिळतात.

६. मोजा, सोपवा, वेळ आल्यास बंद करा

लाइक मोजण्यात अर्थ नाही. सहामाहीनंतर दोन गोष्टी पाहा: वाचकांनी स्वतः किती नोंदी, टिपा, टॅग घातले आणि वहीतले कोणते प्रश्न कमी झाले. कोणी कोणते पुस्तक नेले ही माहिती यातल्या कोणत्याही साधनावर जाऊ देऊ नका, कौतुकाच्या पोस्टमध्येसुद्धा नाही.

प्रत्येक खात्याला दोन व्यवस्थापक असावेत. पासवर्ड विभागाकडे असावा आणि बदलीच्या वेळी झोटेरो ग्रुपची मालकी नव्या सहकाऱ्याकडे रीतसर द्यावी. दोन सत्रे कोणी काही घातले नाही, तर ग्रुप बंद करायला कचरू नका. महिनाभर आधी कळवा, सारी सूची आरआयएस किंवा बिबटेक या संदर्भनोंदींच्या प्रचलित स्वरूपात उतरवून ग्रंथालयाच्या सर्व्हरवर ठेवा आणि ती कुठे मिळेल हे जुन्या पानावर लिहून ठेवा.