रिकाम्या फ्लोअरचे दोन तास : क्लबमध्ये डीजे म्हणून सुरुवात करणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात 'डीजे' म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येते ती मिरवणुकीतल्या ट्रकवरची स्पीकरची भिंत. घरी 'मला डीजे व्हायचंय' असं सांगणाऱ्याचा पहिला अर्धा तास हा गैरसमज दूर करण्यातच जातो. क्लबमधला डीजे म्हणजे माणूस, यंत्रणा नव्हे. आणि नवख्या माणसाला तिथे पहिलं काम मिळतं ते गर्दी नाचवण्याचं नसतं. ते असतं रात्री नऊ ते अकराचं, रिकाम्या फ्लोअरपुढचं, म्हणजे वॉर्म-अपचं. हे काम कमीपणाचं समजून बरेच जण ते वाया घालवतात, आणि पुढचं बोलावणं नेमकं त्यावरच ठरतं. म्हणून इथे बराचसा मजकूर या दोन तासांचा आणि त्याआधीच्या तयारीचा आहे.

सामान घेताना फार खल करू नका. दोन चॅनलचा साधा कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी हाताने मिसळायचं यंत्र; पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ सध्या सर्रास दिसतो), कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि लॅपटॉप, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. क्लबात मात्र बहुधा सीडीजे प्लेअर (पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारी सुटी यंत्रं) आणि ती जोडणारा डीजेएम मिक्सर भेटतात. त्यामुळे घरी सरावाला बसलात की सिंक (दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवणारी सोय) बंद करा, स्क्रीनवर कागद चिकटवा आणि निव्वळ कानाने बीट जुळवा. हा जुन्या लोकांचा हट्ट नाही. दोन प्लेअरमधली लॅन वायर सैल झाली की सिंक जातो, आणि एकाच पेनड्राइव्हवरून दोन्ही प्लेअर चालवायची सोयही जाते. रात्री साडेनऊला कन्सोलखाली वाकून वायर शोधायची वेळ कुणावरही येऊ शकते.

आता पेनड्राइव्ह. या धंद्यात सगळ्यात जास्त फजिती त्यानेच होते. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर जुने प्लेअर तो ओळखतच नाहीत. बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर फॉरमॅटच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला फॅट३२चा पर्याय मिळत नाही, म्हणून नकळत एक्सफॅट होऊन बसतो. वेगळं छोटं सॉफ्टवेअर वापरा किंवा सरळ ३२ जीबीचा ड्राइव्ह घ्या. गाणी त्यावर नुसती ओढून टाकू नका, रेकॉर्डबॉक्समधून (या प्लेअरसाठी गाणी तयार करायचं सॉफ्टवेअर) एक्स्पोर्ट करा. नुसत्या ओढलेल्या गाण्यांसोबत तुम्ही बसवलेली बीटग्रिड (ठेक्यांच्या खुणा), क्यू पॉइंट (गाणं सुरू करायच्या जागा), प्लेलिस्ट यांतलं काहीच येत नाही. आणि ड्राइव्ह दोन ठेवा, दोन्ही एकसारखे भरलेले, एक खिशात आणि एक बॅगेत.

फाइल कुठली? ३२० केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा खातो, एआयएफएफ (आवाज न दाबता साठवणारी फाइल) मिनिटाला दहाच्या आसपास. सहा मिनिटांचं गाणं धरलं तर ६४ जीबीत एमपी३ चार हजारांहून जास्त बसतात, एआयएफएफ हजारभर. नवख्याला तेवढी लागतही नाहीत. वेव्ह फाइल शक्यतो टाळा. तिच्यात गायक-अल्बमची माहिती नीट टिकत नाही, शिवाय काही वेव्ह फाइलींचं हेडर प्लेअरला चालत नाही आणि ऐन वेळी स्क्रीनवर ई-८३०५ हा एरर कोड झळकतो. फ्लॅक हा फाइल-प्रकार नव्या प्लेअरवर चालतो, सीडीजे-२००० नेक्सससारख्या जुन्यावर नाही. कुठलं मॉडेल असेल ते आधी कळत नसेल तर एमपी३ किंवा साधं १६ बिट एआयएफएफ ठेवा. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं ३२०ला बदललं तरी गेलेला आवाज परत येत नाही. लॅपटॉपच्या स्पीकरवर ते लपतं, क्लबच्या यंत्रणेवर मात्र हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) कागद फाटल्यासारखी ऐकू येते.

हिंदी-मराठी जुनी गाणी हा वेगळाच प्रकार. वादकांनी एकत्र बसून वाजवलेल्या गाण्यात लय थोडी मागेपुढे होते. सुरुवातीला ११२ बीपीएम (मिनिटाला इतके ठोके) वाटणारं गाणं कडव्यानंतर ११४वर गेलेलं असतं. रेकॉर्डबॉक्सने एकच ठरावीक बीपीएम धरून ग्रिड टाकली तर दुसऱ्या मिनिटाला ती घसरते, आणि सिंकवर विसंबलेल्या माणसाच्या दोन ठेक्यांची टक्कर सगळ्यांना ऐकू येते. अशा गाण्यांचं विश्लेषण 'डायनॅमिक' पद्धतीने करून घ्या, नाहीतर एबलटन या संगीत-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लय सरळ करून स्वतःची प्रत बनवा. ती बनवताना पुढे-मागे १६ बारचा (चार बीटचा एक बार) नुसता ठेका जोडा, कारण फिल्मी गाण्यांना मिक्स करण्याजोगी लांब सुरुवात बहुधा नसते. गरब्याचा हिंच ताल सहा मात्रांचा. तो चार मात्रांच्या हाउस संगीतावर चढवायचा प्रयत्न करू नका. समेवर कापा आणि सरळ बदला. नवरात्रात हे न कळलेले डीजे लांबूनच ओळखू येतात.

प्लेलिस्टला नावं प्रकारांची देऊ नका, वेळेची द्या. 'टेक-हाउस' या नावाखाली चारशे गाणी असली की अंधारात काही सुचत नाही. 'लोक जेवताहेत', 'पहिले उठणारे', 'अकराच्या आधी' अशा तीन याद्या पुरतात. दोन तासांत सहा मिनिटांची गाणी मिनिटभराच्या मिक्सने जोडली तर साधारण चोवीस वाजतात. साठ घेऊन जा. बॉलिवूड नाइट असेल तर गाणं दोन-अडीच मिनिटांत बदलावं लागतं, म्हणजे पन्नासेक वाजतात. तेव्हा सव्वाशे हवीत.

साडेआठला पोहोचा. साउंडवाल्याला नाव विचारा, त्याच्याशी दोन शब्द बोला. लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणारं यंत्र) कुठे लावलाय आणि बूथ मॉनिटर (डीजेपुरता जवळचा स्पीकर) चालू आहे का, हे त्याच्याकडूनच कळतं. मॉनिटर बंद असेल तर त्याच्या मागे लागा. मुख्य स्पीकर कन्सोलपासून पंधरा मीटरवर असतील तर तिथला आवाज तुमच्यापर्यंत सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा येतो. १२४ बीपीएमला एक बीट ४८४ मिलिसेकंदांची. म्हणजे हेडफोनमधलं गाणं आणि हॉलमधलं गाणं यांच्यात बीटच्या अकराव्या हिश्श्याचा फरक. तुम्ही तो कानाने जुळवून घेता, आणि फ्लोअरवर तेवढंच बिघडलेलं ऐकू येतं.

नऊ वाजता फ्लोअर रिकामा असतो. वेटर मेणबत्त्या लावत असतात, दोन टेबलांवर स्टार्टर आलेले असतात. या वेळी आवाज एवढाच हवा की समोरासमोर बसलेल्यांना ओरडावं लागू नये. वेग ११० ते ११६, गायन कमी, मिक्स लांब. दहापर्यंत ११८-१२०, अकराला १२२. इथेच हात शिवशिवतात. दोघी-तिघी उठून नाचू लागल्या की नवखा डीजे खूश होऊन आपलं सगळ्यात मोठं गाणं काढतो. दहा जण येतात, गाणं संपतं, त्याहून मोठं आता पोतडीत नसतं, आणि दहाही जण परत जागेवर. त्या दोघी-तिघी कशावर उठल्या ते बघा, आणि त्याच अंगाची आणखी तीन गाणी वाजवा. फ्लोअर मधूनमधून मोकळा झाला तर घाबरू नका. माणसं बारकडे गेली की मालकाचा गल्ला भरतो, आणि तुम्हाला पुन्हा बोलावायचं की नाही हे मालकच ठरवतो.

अकरानंतर वाजवणाऱ्या मुख्य पाहुण्या डीजेची गाजलेली गाणी आणि त्या आठवड्यातलं सगळ्यात चालणारं गाणं वॉर्म-अपला वाजवायचं नाही. कुणी नियम लिहून देत नाही, पण मोडलात तर लक्षात राहता.

एक मिक्स जवळून पाहू. १२४ बीपीएमला आठ बार म्हणजे ३२ बीट, साडेपंधरा सेकंद. बहुतेक नृत्यसंगीत या आठ-आठ बारांच्या तुकड्यांतच बांधलेलं असतं. नवं गाणं तुकड्याच्या पहिल्या बीटवर सोडा, त्याचा लो (बेसचं बटण) पूर्ण खाली ठेवून. पुढच्या सोळा बारांत फेडर (आवाजाची सरकपट्टी) हळूहळू वर न्या. नव्या तुकड्याची पहिली बीट आली की जुन्याचा लो खाली आणि नव्याचा वर, एकाच झटक्यात. दोन्ही बेस एकत्र राहिले तर तळ चिखलासारखा होतो, लिमिटर सगळाच आवाज दाबतो, आणि हॉलमध्ये दम गेल्यासारखं वाटतं. गायनावर गायन चढवणं ही दुसरी नेहमीची चूक. कॅमलॉट चक्रातले, म्हणजे कुठली स्वरपट्टी कुठल्या पट्टीशी जुळते ते दाखवणारे आकडे (८एनंतर ७ए, ९ए किंवा ८बी) मदत करतात, पण आकडा जुळला म्हणून गाणं जुळतंच असं नाही.

मीटर हिरव्यात, वरचे एक-दोन नारिंगी दिवे, लाल कधीच नाही. दोन तासांत कान थकतात, आवाज कमी वाटू लागतो आणि हात आपोआप गेनकडे (आवाजाची पातळी वाढवणाऱ्या बटणाकडे) जातो. तेव्हा कानाला नाही, मीटरला विचारा. दहा वाजताच लालमध्ये असाल तर अकराच्या माणसाला वर जायला जागाच उरत नाही.

सूत्रं सोपवतानाही रीत आहे. शेवटचं गाणं लांब आणि साध्या ठेक्यावर संपणारं ठेवा, पाहुण्याला वेग सांगा, तुम्ही न वापरलेल्या चॅनलचे ईक्यू (लो-मिड-हायची बटणं) मध्यावर आणि इफेक्ट बंद करून द्या. त्याचं गाणं सुरू होऊन तुमचं पूर्ण थांबेपर्यंत तुमचा पेनड्राइव्ह काढू नका. वाजत असताना काढलात तर प्लेअर बहुधा इमर्जन्सी लूपमध्ये अडकतो आणि त्याच चार बीट फिरत राहतात. यूएसबी स्टॉपचं बटण दिवा विझेपर्यंत दाबून ठेवा, मग काढा. घाईत विसरलेले ड्राइव्ह सहसा परत मिळत नाहीत.

फर्माइशी येतात, मोबाइलच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत लिहून. 'नाही' म्हणण्यापेक्षा मान डोलवणं बरं. मॅनेजरने सांगितलेली फर्माइश मात्र वेगळी. ती पंधरा मिनिटांत कुठेतरी बसवा.

वेळेचं गणित शहराप्रमाणे बदलतं. मुंबई-पुण्यात दारू दीडला बंद, म्हणून गर्दी अकराला येते आणि खरा जोर दोनच तास टिकतो. गोव्यात हणजुणे-वागातोरच्या उघड्या जागांवर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. त्यामुळे तिथे संध्याकाळी पाचला सुरू होणारा सूर्यास्ताचा सेट हेच नवख्याचं दार असतं, आणि त्यात उजेडात, वाळूवर बसलेल्या लोकांसमोर वाजवावं लागतं.

पैशांचं स्पष्ट बोला. रेसिडेंट (एकाच क्लबचा नेहमीचा डीजे) म्हणून महिना तीस हजार ऐकायला बरे वाटतात. आठवड्याला पाच रात्री, रोज पाच तास धरले तर बावीस रात्रींचे एकशे दहा तास, म्हणजे तासाला पावणेतीनशेच्या आसपास. त्यातून रात्रीची टॅक्सी वजा करा, कारण शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिली चारच्या सुमारास. तरीही पहिलं वर्ष रेसिडेन्सी करावी असंच आमचं मत. त्याच खोलीत शंभर रात्री वाजवल्याशिवाय गर्दी वाचता येत नाही. सुट्या कामांना रक्कम, वेळ, आगाऊ पैसे आणि रद्द झाल्यास काय, हे चार मुद्दे व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. इन्व्हॉइसवर पॅन टाका. दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो का ते तपासा. कापला म्हणतात आणि भरलेला नसतो, असंही घडतं.

कानांची काळजी पहिल्या रात्रीपासून घ्या. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. फोमचे बोळे वरचे सूर खातात, म्हणून संगीतकारांचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. फुकट मिळणारी दारू रोज घ्यायची की नाही ते तुम्हीच ठरवा. निदान सेट संपेपर्यंत पाणी बरं.

दुसऱ्या दिवशी उठल्यावर पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावा. प्लेअरने रात्री वाजलेली गाणी हिस्ट्रीत क्रमाने नोंदवलेली असतात. ती यादी रेकॉर्डबॉक्समध्ये ओढून घ्या आणि फ्लोअर कुठल्या गाण्यावर भरला, कुठल्यावर रिकामा झाला हे आठवतंय तोवर प्रत्येकासमोर लिहा. दुपारी चारनंतर ते आठवत नाही.