बोटीवर लाईट-पंखा चालवायचाय? आधी हिशोब मांडा

नर्मदेच्या बॅकवॉटरला धडगाव-अक्कलकुव्याकडं बोटीवर रात्र काढावी लागते त्यांच्यासाठी लिहितोय, कारण बरेच जण आधी सोलर पॅनल घेतात न मग विचारतात की भाऊ याच्यावर काय काय चालंल.

उलटं करा. ५ वॉटचे दोन एलईडी ५ तास म्हणजे ५०, २० वॉटचा डीसी (थेट बॅटरीवर चालणारा) पंखा ८ तास म्हणजे १६०, तीन मोबाईलचे धरा ४५, झाले २५५ वॉट-अवर (वॉट गुणिले तास, म्हणजे दिवसाची लागणारी वीज). १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) बॅटरीत १२ गुणिले १०० म्हणजे १२०० वॉट-अवर असतात पण लेड-ॲसिड निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर बसते, म्हणजे ६०० हातात, दोन दिवस ढग आले तरी निभतं. १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ३५० देतं. आपल्याकडं ऊन भरपूर, पण मे महिन्यात पॅनल तापलं की उलट वीज कमी बनते, म्हणून छपराला चिकटवू नका, खालून हवा खेळू द्या.

जोडताना चार्ज कंट्रोलरला (पॅनल न बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना बरोबर उलटं. बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज हवाच. वायर जाड तांब्याची घ्या, १२ व्होल्टला बारीक वायरीत व्होल्टेज पडतं न पंखा रडतो.

इन्व्हर्टर शक्यतो नकोच, फुकट वीज खातो. आणि बॅटरी चुलीपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा, चार्जिंगला हायड्रोजन निघतो.